जुनी गाडी विकताना आणि घेताना

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला वीस मिनिटे बोलायला सांगितले आणि विषय माझ्यावरच सोपवला. मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची सगळी वर्षे डबे, चाके आणि स्प्रिंगा यांच्या संगतीत गेली. त्यामुळे ज्यातले थोडेफार कळते त्यावरच बोलणार आहे. विषय आहे जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचा. अशी गाडी नवीसारखी करून विकायला काढली जाते, तेव्हा नेमके काय विकले जाते आणि घेणाऱ्याने काय पाहावे, एवढेच सांगायचे आहे.

कुणी म्हणेल, हा तर राजे-महाराजांचा शौक, आपला त्याच्याशी काय संबंध? पण हे शहर गाड्यांच्या कारागिरांचे आहे. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची आणि व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. ‘जोंगा’ या नावातच जबलपूर आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या शब्दांवरून ते नाव तयार झाले. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा लोक आज हौसेने घेतात, रंगवतात आणि चांगल्या किमतीला विकतात. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतली तेव्हा तिचे फोटो साऱ्या देशाने पाहिले. शिवाय आपल्यापैकी काहींच्या गावाकडच्या घरी आजोबांची एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेलच. ती विकायची, नीट करायची की भंगारात द्यायची, हा प्रश्न त्या घरात दर दिवाळीला निघतो. म्हणजे हा विषय श्रीमंतांच्या बंगल्यापुरता नाही.

मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाने या बाबतीत प्रथम नाव घ्यावे ते इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे. जन्म १९०८, निधन १९६१. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पीकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. तीच नजर गाड्यांच्या बाबतीतही होती. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाडीची चासी आणि इंजिन अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीचे, पण वरची दोन आसनी स्पीडस्टर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी बनवलेली, केशरी आणि काळ्या रंगात. १९३०च्या दशकातली ही गाडी पुढे भारताबाहेर गेली. माणिकबागेतले फर्निचरही १९८० मध्ये माँटे कार्लोला लिलावात विकले गेले. राजवाड्यात आता सरकारी कर खात्याचे कार्यालय आहे. होळकरांच्या या वस्तूंना जगात आजही मोल आहे, कारण कोणती वस्तू कुणी, केव्हा, कुणाकडून करून घेतली याच्या नोंदी आणि फोटो शिल्लक आहेत. माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. जुन्या गाडीची अर्धी किंमत तिच्या कागदांत असते.

राजेशाही गाड्या बाजूला ठेवू आणि एक साधी, मध्यमवर्गीय म्हणावी अशी स्पोर्ट्स कार घेऊ. एम.जी. टी.सी. ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. एकूण सुमारे दहा हजार गाड्या. इंजिन १२५० सी.सी.चे, ताकद चोपन्न अश्वशक्तीच्या आसपास, वजन सुमारे आठशे किलो. दोन माणसे बसतील एवढीच जागा, वर कापडी टप, उंच तारांची चाके आणि लांबलचक बोनेट. हिच्या चासीचे क्रमांक २५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता!

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या या गाड्यांच्या दुकानाचा कारभार १९२२ पासून सेसिल किंबर यांच्याकडे आला आणि त्यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, चपळ बॉड्या चढवून एम.जी.चे नाव केले. १९४१ मध्ये त्यांना कंपनी सोडावी लागली. पुढची गोष्ट आपल्या खात्याची आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी संध्याकाळी किंबर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून लीड्सकडे जाणाऱ्या गाडीत बसले. स्टेशनच्या बाहेर लगेच बोगदा आणि चढ. इंजिनाची चाके घसरू लागली, गाडी थांबली आणि उलटी स्टेशनकडे सरकू लागली. मागचा डबा रुळांवरून उतरून सिग्नलच्या गॅन्ट्रीवर आदळला. दोन प्रवासी गेले, त्यांत एक किंबर. ज्या गाडीने एम.जी.चे नाव अमेरिकेपर्यंत पोचवले ती टी.सी. त्याच वर्षी कारखान्यातून बाहेर पडली, पण ती पाहायला ते राहिले नव्हते.

आता बोनेट उघडू. या इंजिनाने भल्याभल्या मेकॅनिकांना चकवले आहे. ब्रिटिश गाडी म्हटल्यावर आपण व्हिटवर्थचे पाने घेऊन बसतो, आणि पाना बोल्टच्या डोक्यावर बरोबर बसतोही. पण बोल्टचे आटे मात्र मेट्रिक! कारण असे, की पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीने कॉव्हेंट्रीला कारखाना काढला, फ्रेंच मापाची यंत्रे लावली, आणि १९२३ मध्ये तो कारखाना मॉरिसने विकत घेतला. यंत्रे कापत होती तेच आटे पुढे चालू राहिले. फक्त इंग्रज मेकॅनिकांच्या सोयीसाठी डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली. त्यातही आठ मिलिमीटर बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या आठ मिलिमीटर बोल्टचे ते सव्वा मिलिमीटर असते. जुन्या ५/१६ इंची बी.एस.एफ. बोल्टचे जवळपास १.१५ मिलिमीटर. दोन्ही बोल्ट हाताने दोन वेढे जातात, नंतर अडतात. घाईतला माणूस पाना लावून जोर करतो आणि बीडाच्या ब्लॉकमधले आटे कायमचे जातात. म्हणून अशी गाडी पाहायला गेलात, तर रंगाआधी इंजिनाच्या बाजूचे बोल्ट पाहा. वेगवेगळ्या डोक्यांचे, नवे-जुने मिसळलेले बोल्ट दिसले, की समजावे इथे घाईचे हात फिरले आहेत.

दुसरी गोष्ट बॉडीची. टी.सी.ची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. लाकूड ॲश जातीचे. हॉकी स्टिक आणि हातोड्याचे दांडे करतात ते चिवट, लवचीक लाकूड. पाणी मुरले की हे लाकूड आतून कुजते, वरचा पत्रा मात्र चकचकीत राहतो. दार उघडताना खाली झुकते का, बंद करताना उचलावे लागते का, हे पाहिले की सांगाड्याची अवस्था कळते. आपल्याकडे ॲश सहज मिळत नाही. सुतार सागवान सुचवतो आणि कामही सुबक करतो. त्यात वाईट काही नाही. पण गाडी विकताना ‘सांगाडा मूळचा’ असे सांगितले, तर ती लबाडी झाली. ‘डाव्या दाराचा खांब सागवानाचा, अमुक साली बदलला’ असे लिहून दिले, तर घेणाऱ्याचा विश्वास उलट वाढतो.

तिसरी गोष्ट विजेची. या गाडीत बॅटरीचा धन ध्रुव चासीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. कुणी हौशीने नवा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर तसाच जोडला, तर तो जळतो. पुष्कळ गाड्यांत नंतर ध्रुव बदलून घेतलेले असतात. बदलले असतील तर बॅटरीजवळ ठळक चिठ्ठी हवी.

चौथी गोष्ट पेट्रोलची. आपल्या देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सगळीकडे पोचले. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली बुचाच्या लाकडाची सीलं इथेनॉलला टिकत नाहीत. ती बदलली आहेत का, हा प्रश्न रंगाच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचा, कारण गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन एकत्र आले की पुढे काय होते हे सांगायला नको.

मंडळी, हे एवढे सगळे नीट करायचे म्हणजे खर्च किती? आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जुन्या गाडीला ती तंतोतंत लागू पडते. सुटे भाग परदेशातून मागवायचे, जे मिळत नाहीत ते लेथवर करून घ्यायचे, पत्र्याचा कारागीर, सुतार, सीट शिवणारा, प्रत्येकाची मजुरी वेगळी. आणि इथेच खोट शिरते. खर्च वाचवायचा म्हणून गंजलेला पत्रा कापून बदलण्याऐवजी त्यावर पुटी भरतात, घासतात आणि वर झकास लाल रंग मारतात. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते! यावर उपाय स्वस्त आहे. खिशात लहानसे चुंबक ठेवावे. पातळ फडक्यात गुंडाळून ते मडगार्डवरून आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवावे. जिथे पकड सैल होते तिथे पत्र्यावर पुटीचा जाड थर आहे. त्याचबरोबर चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. क्रमांकाच्या भोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर तिथूनच नमस्कार करून परत यावे.

आता एक खरा खटला सांगतो. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची शर्यतीची गाडी होती. फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पुढे ती इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर धावली. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले आणि त्याच वर्षी तिथल्या शर्यतीत अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर तिची पुन्हा बांधणी झाली, बॉडी बदलली, मालक बदलले. शेवटच्या मालकाने ती नीट करून विकायला काढली आणि १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. मग घेणारी कंपनी मागे फिरली. तिचे म्हणणे, शर्यत जिंकली त्या गाडीतले फारच थोडे भाग आता हिच्यात आहेत, मग ही ‘ओल्ड नंबर वन’ कशी? १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. मूळ भाग थोडेच उरले होते हे त्यांनी नाकारले नाही. पण एका गाडीचा अखंड इतिहास सापडतो, मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या गाडीने तिची जागा घेतली नाही, प्रत्येक बदल तिच्यावरच झाला, म्हणून ते नाव सांगण्याचा अधिकार तिलाच आहे, असे त्यांचे मत पडले.

हा निकाल आपल्या खात्यातल्या माणसाला लगेच पटावा. डबा ठरावीक मुदतीने पी.ओ.एच.साठी वर्कशॉपला जातो. चाके बदलतात, स्प्रिंगा बदलतात, बफर बदलतात, गंजलेला पत्रा कापून नवा लावतात. तरी डब्याचा नंबर तोच राहतो, कारण प्रत्येक कामाची नोंद असते. डब्याच्या टोकाला पी.ओ.एच.ची तारीख, वर्कशॉपची खूण आणि पुन्हा परत यायची तारीख रंगवलेली आपण रोज पाहतो. ॲक्सलवर खुणा ठोकलेल्या असतात. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ इंजिन पाहा. लीड्समध्ये बनलेले हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा चालते झाले. २०११ मध्ये त्याचे भाग चोरीला गेले, पेरांबूरच्या वर्कशॉपमध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि २०१७ मध्ये परत धावले. चोरीला गेलेले भाग नव्याने घडवावे लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्याला कुणी खोटे इंजिन म्हणत नाही. भाग बदलण्यात दोष नाही, तो बदल दडवण्यात आहे.

आपल्या सरकारनेही आता या गाड्यांसाठी नियम केले आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र ‘विंटेज’ नोंदणी आली. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, दहा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ५ हजार. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच चालवता येते. खरेदी-विक्रीला मोकळीक आहे, मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्यातल्या परिवहन खात्याला नव्वद दिवसांत कळवायचे. म्हणजे रोज ऑफिसला जायला मिरवण्याची गाडी म्हणून कुणी अशी नोंदणी केली तर पंचाईत होईल. आणि मूळ रूपाची अट असल्यामुळे हौसेखातर नव्या गाडीचे इंजिन बसवून घेणारा माणूस ही नोंदणीच गमावू शकतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना चार गोष्टी सुचवतो. पहिली, घाईने रंगवू नका. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत हात न लावलेल्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. जुना रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. दुसरी, जुने आर.सी. बुक, विम्याच्या पावत्या, गॅरेजची बिले, लग्नाच्या अल्बममधला गाडीसोबतचा फोटो, सगळे एका फायलीत लावा. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये अनेक ब्रिटिश कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदी जपल्या आहेत आणि शुल्क भरून दाखला मिळतो. आपली गाडी त्यांत बसते का, ते विचारून पाहावे. तिसरी, काम करायचेच असेल तर सुरू करण्याआधी, मध्ये आणि शेवटी फोटो काढा, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. गाडीबरोबर ती पेटीही द्या. चौथी, विकताना एक साधा कागद करा. त्यावर तीन रकाने: मूळचे काय, दुरुस्त केलेले काय, बदललेले काय. चौथा रकाना तारखेचा आणि कारागिराच्या नावाचा.

कारागिराचे नाव लिहायला मी मुद्दाम सांगतो आहे. व्हिटवर्थचा पाना ओळखणारे, कानाने कार्ब्युरेटर लावणारे, हातोडीने मडगार्डला गोलाई देणारे लोक आता थकत चालले आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी शाळा पुरी केलेली नाही, पण हातात जे आहे ते आम्हा डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना पुस्तकातून मिळालेले नाही. मालकाचे नाव आर.सी.वर येते, गाडी बनवणाऱ्या कंपनीचे बोनेटवर. ज्याने सहा महिने खपून गाडी उभी केली, त्याचे नाव कुठेच नसते. ते त्या कागदावर यावे. आणि आपली तरुण मुले सुटीत अशा एखाद्या गॅरेजमध्ये महिनाभर बसली, तर कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकतील.

शेवटी नावाबद्दल एक शब्द. ॲबिंग्डनचा एम.जी. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. नाव हात बदलत चिनी कंपनीकडे गेले. २०१९ पासून गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यातून त्याच अष्टकोनी चिन्हाच्या गाड्या बाहेर पडत आहेत. त्या चांगल्या असतील, पण चिन्ह तेच म्हणून टी.सी.चा वारसा आपोआप त्यांच्याकडे जात नाही. उलट, एखाद्या अंगणात उभ्या असलेल्या, सागवानी खांबाच्या, तीनदा रंगलेल्या टी.सी.कडे तिची फाइल असेल, तर तो वारसा तिच्याकडे आहे. विकणाऱ्याने ती फाइल द्यावी, घेणाऱ्याने आधी ती मागावी आणि मग किल्ली हातात घ्यावी.